भारी कोण? पुण्यात राहून जमलेले अकरा धडे

पुण्यात कोण भारी आणि कोण नाही, याचा निवाडा चोवीस तास चालू असतो. फर्ग्युसन रस्त्यावरच्या कट्ट्यावर चालतो, भरत नाट्यमंदिराच्या मध्यंतरात चालतो, सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात एक गायक उठून दुसरा बसेपर्यंतच्या वेळातही चालतो. निवाडा देणाऱ्याला कुणी नेमलेलं नसतं आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. नारायण पेठेतल्या वाड्यात वाढलेली आणि पुढे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये स्थिरावलेली मी या न्यायालयाची जुनी प्रेक्षक. गाणं मला येत नाही, नाटकात कधी उभी राहिले नाही, सिनेमाशी संबंध तिकिटापुरता. ऐकलं, पाहिलं आणि माणसं न्याहाळली, एवढंच भांडवल. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते. क्रम आठवेल तसा आहे, महत्त्वावर जाऊ नये.

१. गाडी कोणती ते पाहू नये, ती कुठे जाते ते पाहावं

आमच्या कॉलेजच्या दिवसांत यामाहा आरएक्स १००चा आवाज आला की एस. पी.च्या फाटकाकडे माना वळायच्या. गाडीवरचा मुलगा सावकाश उतरायचा, केसांतून हात फिरवायचा, किल्ली बोटावर गरगरवायचा. तासाभराने तीच गाडी टिळक रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायची. तिचा एकूण प्रवास तेवढाच.

माझ्या आत्याकडे लूना होती. १९७२ साली पुण्याच्याच कायनेटिकने आणलेली ती लूना, पायडल मारून सुरू व्हायची आणि चढ आला की मागच्याला उतरून चालावं लागायचं. मागची म्हणजे मी. आत्या शाळेत शिक्षिका. शाळा सुटली की पदर खोचून ती लूनावर बसायची आणि मग कधी टिळक स्मारकात व्याख्यान, कधी बालगंधर्वला नाटक, कधी कुणाच्या तरी घरच्या बैठकीत गाणं. लूनाकडे कुणी वळून पाहिलं नाही. पण आमच्या घरातली निम्मी आवड त्या लूनावरून आली.

बासू चॅटर्जींचा ‘छोटी सी बात’ पाहताना मला ही लूना हमखास आठवते. त्यातला अमोल पालेकरांचा अरुण स्कूटरवाल्या असरानीपुढे हरतो, म्हणून मोटरसायकल घेतो. तीही फसवून गळ्यात मारलेली निघते. शेवटी तो अशोककुमारच्या कर्नलकडे खंडाळ्याला शिकायला जातो. भारी कसं व्हायचं ते शिकण्यासाठी मुंबईकराला निम्म्या वाटेपर्यंत पुण्याकडे यावं लागतं, हे आम्हा पुणेकरांना अर्थातच फार आवडतं. पण कर्नल त्याला नवी गाडी घेऊन देत नाही. न घाबरता बोलायला शिकवतो.

२. गाताना चेहरा कसा दिसतो याची काळजी करणाऱ्याला गाणं वश होत नाही

भीमसेन जोशींना समोर बसून ऐकलेल्या कुणालाही विचारा. डोळे मिटलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, हात हवेत काहीतरी पकडतोय, मान भलतीकडेच. लहानपणी मला हसू यायचं आणि आत्या माझ्या मांडीला चिमटा काढायची. थोड्या वेळाने हसू आपोआप थांबायचं. तो स्वर मिळवताना शरीराचं काय होतंय, याचा हिशोब ठेवायला तिथे कुणी शिल्लकच नव्हतं.

हा माणूस गदगहून गुरूच्या शोधात कोवळ्या वयात घर सोडून निघाला. ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर असा भटकला आणि शेवटी गुरू मिळाला तो घराजवळच्या कुंदगोळला. त्याच गुरूच्या, सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी १९५३ मध्ये त्यांनी पुण्यात महोत्सव सुरू केला. त्यांना मोटारींचंही वेड होतं. मैफलीसाठी लांबलांबचे पल्ले स्वतः गाडी हाकत गाठायचे. म्हणजे भारी दिसण्याची साधनं त्यांच्याकडे नव्हती असं नाही. ती मंचावर आणायची गरज त्यांना कधी पडली नाही.

हल्ली मोबाइलवर गाणाऱ्या मुलामुलींचे व्हिडिओ येतात. गळे सुंदर असतात. पण तान घेताना डोळे पडद्यावरच्या स्वतःकडे असतात. तेवढ्यानं मध्यम केसभर हलतोच.

३. पगार एका दारातून आणि जीव दुसऱ्या दारातून आला तरी घर चालतं

वसंतराव देशपांडे वर्षानुवर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरीला होते. दिवसा लष्कराचे हिशोब, संध्याकाळी गाणं. अनेक गुरूंकडून घेतलं म्हणून त्यांच्यावर एका घराण्याचा शिक्का बसला नाही आणि शिक्का नाही म्हणून कित्येकांनी त्यांना उशिरापर्यंत बाजूला ठेवलं. मग १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ आलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत तोच कारकून महाराष्ट्राच्या घराघरात गेला.

बी. जे. मेडिकल कॉलेज तर मला पुण्याची दुसरी नाट्यशाळाच वाटते. श्रीराम लागू तिथे शिकले आणि कान-नाक-घशाचे शल्यविशारद झाले. जब्बार पटेल तिथलेच, पुढे दौंडला लहान मुलांचे डॉक्टर. मोहन आगाशे मानसोपचाराचे प्राध्यापक. सतीश आळेकर तिथल्याच बायोकेमिस्ट्री विभागात. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्यमंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ होता आणि नाना फडणवीस मनोरुग्णांचा डॉक्टर होणार होता.

यातून दोन्ही प्रकारचे लोक मला भारी वाटायला लागले. लागूंनी १९६९ मध्ये वैद्यकी सोडून रंगभूमी धरली आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ उभा केला. आगाशेंनी दोन्ही दगडांवर पाय ठेवले आणि पडले नाहीत. नोकरी सोडणारा धाडसी आणि न सोडणारा भित्रा, ही वाटणी हल्लीच्या प्रेरणादायी भाषणांनी केलेली आहे. पुण्यात सकाळी रुग्ण तपासून रात्री तालमीला पोचणारा माणूस रोज दिसायचा आणि त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं.

४. दार अडवून बसलेल्या जाणकारापासून लांब बसावं

पुण्याचा कान तयार आहे, हे खरं. तो तयार कान दुसऱ्याच्या पानात काय वाढलंय ते बघत असतो, हेही खरं. सवाईत भारतीय बैठकीत आमच्या पुढच्या सतरंजीवर एक गृहस्थ असायचे. कुणी भलत्या जागी ‘वा’ म्हणालं की ते पूर्ण वळून त्या माणसाकडे बघायचे. बोलायचे काहीच नाहीत. एका वर्षी पहिल्यांदाच आलेली माझी मैत्रीण त्या नजरेनंतर रात्रभर हात मांडीखाली घालून बसली. ती पुन्हा कधी आली नाही. शास्त्रीय संगीताचा एक श्रोता त्या गृहस्थांनी नुसत्या मानेच्या हालचालीने कमी केला.

‘कट्यार’ची गोष्ट तरी काय आहे? विद्या आपल्याच घरात कोंडून ठेवायची आणि दाराशी उभ्या असलेल्या सदाशिवाला आत घ्यायचं नाही. त्याला शिकण्यासाठी त्या घरात नोकर म्हणून शिरावं लागतं. आम्ही पुणेकर त्या नाटकाला डोळे पुसतो आणि बाहेर येऊन शेजारच्याला विचारतो, “तुम्हाला तो राग कळला का?”

५. निवडून ठेवणाऱ्यापेक्षा सगळं जपणारा मोठा

या धड्याचं श्रेय पी. के. नायर यांना. लॉ कॉलेज रस्त्याच्या परिसरात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नायर तिथे आले ते १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत. मूळचे केरळचे, पण ते गेले तेही पुण्यातच, २०१६ मध्ये. त्यांनी बारा हजारांच्या आसपास चित्रपट जमवले. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची आणि ‘कालिया मर्दन’ची उरलीसुरली रिळं त्यांच्यामुळे वाचली. भारतात सतराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यातले जेमतेम नऊ त्यांच्या हाती लागले. जुन्या नायट्रेट फिल्मवर चांदी असते. ती काढण्यासाठी लोकांनी रिळं विकून टाकली. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ असाच कायमचा गेला.

मला नायरांचं सर्वांत भारी काय वाटतं? त्यांनी आवडीनिवडीची चाळणी लावली नाही. अभिजात म्हणून सत्यजित राय ठेवायचे आणि मारधाडीचा सिनेमा टाकून द्यायचा, असं त्यांनी केलं नाही. आजचा टाकाऊ सिनेमा पन्नास वर्षांनी काय सांगेल ते आज ठरवता येत नाही, म्हणून सगळंच ठेवायचं. स्वतः अंधारात वही आणि छोटा टॉर्च घेऊन बसायचे, नोंदी करायचे. आणि जमवलेलं कपाटात कोंडलं नाही. शहरोशहरीच्या फिल्म सोसायट्यांकडे रिळं जायची. कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या गावातही जायची, तिथे शेतकऱ्यांनी जगभरचे सिनेमे पाहिले. ‘सेल्युलॉइड मॅन’ या माहितीपटात हे सगळं आहे, जरूर पाहावा.

इतकी माहिती असलेला माणूस कुणाचीही परीक्षा घेत बसू शकला असता. त्याऐवजी तो प्रोजेक्टरची सोय बघत राहिला.

६. जे आवडतं ते चारचौघांत सांगता यावं

माझे वडील संस्कृत शिकवायचे. घरात रेडिओवर नाट्यगीतं, भिंतीवर कालनिर्णय, कपाटात मेघदूताच्या दोन प्रती. आणि वडिलांना दादा कोंडके प्रचंड आवडायचे. ‘सोंगाड्या’ १९७१ मध्ये आला, ‘पांडू हवालदार’ १९७५ मध्ये. ओळीने रौप्यमहोत्सवी सिनेमे देण्याचा विक्रम त्या माणसाने केला आणि पेठांमध्ये मात्र ते सिनेमे पाहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही. थिएटरं कोण भरत होतं कुणास ठाऊक!

वडील उघड जायचे. परत आल्यावर दादांचा विनोद कसा बेतलेला असतो, पहिला अर्थ निष्पाप ठेवून दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यात कसा सोडून दिलेला असतो, हे आईला समजावून सांगायचे आणि जुन्या संस्कृत सुभाषितांतला श्लेष पुराव्याला काढायचे. आई म्हणायची, “अहो, पोरं ऐकतायत.” वडील म्हणायचे, “ऐकू देत, व्याकरणच आहे.”

त्यांचे सहकारीही जायचे, पण मफलर गुंडाळून. तुम्हीच सांगा, कोण भारी?

७. धाडसाला वेष लागत नाही, आणि ते आजकालचं तर मुळीच नाही

पुण्यातली मुलगी जीन्स घालून गाडी चालवायला लागली तेव्हा पुण्यात मोकळेपणा आला, असं कुणी म्हणालं की मी त्यांना १९३७ चा ‘कुंकू’ आठवायला सांगते. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली होती. व्ही. शांताराम यांच्या या सिनेमात म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा म्हणून स्वीकारायला साफ नकार देते. ती भूमिका शांता आपट्यांची. पुढे कंपनीशी कराराचा वाद झाला तेव्हा याच शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. नटीने पडद्यावर बंड करणं एक आणि मालकाच्या दारात अन्न सोडून बसणं वेगळं. त्यांनी दोन्ही केलं.

त्याच सिनेमात सुधारक विचारांच्या मुलीचं काम केलं शकुंतला परांजपे यांनी. फर्ग्युसनच्या रँग्लर परांजप्यांची ही मुलगी केंब्रिजला शिकलेली. रशियन चित्रकाराशी लग्न केलं, ते मोडलं, मुलीला घेऊन पुण्याला आली. आणि मग काय केलं? संततिनियमनाचा प्रचार. हेच काम करणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्व्यांचं नाव काढलं की लोक दार लावून घ्यायचे, त्या काळात ही बाई बायकांना मूल कधी हवं ते तुम्ही ठरवा, असं सांगत होती. पुढे राज्यसभेत गेल्या, पद्मभूषण झाल्या. माझी आजी त्यांना नावाने ओळखायची आणि आवाज खाली आणून त्यांच्याबद्दल बोलायची. त्या खाली आणलेल्या आवाजात निंदा किती आणि हेवा किती, हे मला मोठं झाल्यावर हळूहळू उलगडलं.

स्मिता पाटीलही याच शहरात वाढली. अरुण खोपकरांच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या पदविकेच्या लघुपटात, ‘तीव्र मध्यम’मध्ये, ती कॅमेऱ्यापुढे आली. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचताना जीन्सवरूनच साडी गुंडाळून बसायची, असं तिच्याबद्दल सांगतात. पडद्यावर दिसायची साडी. बाकीचं तिचं तिच्यापाशी.

८. सशाचा राग करावा, पण त्याच्याकडून थोडं शिकावंही

शकुंतलाबाईंची ती मुलगी म्हणजे सई परांजपे. त्यांचा ‘कथा’ हा सिनेमा मी दर काही वर्षांनी पाहते. स. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावरून तो केलेला. चाळीत राहणारा सरळमार्गी राजाराम म्हणजे नसीरुद्दीन शहा, आणि त्याच्याकडे पाहुणा म्हणून येऊन चाळीचा लाडका होणारा थापाड्या बाशू म्हणजे फारुख शेख. भारी कोण, या विषयावरचा यापेक्षा चांगला सिनेमा माझ्या पाहण्यात नाही.

विशीत मला वाटायचं, बाशू खोटा आणि राजाराम खरा, विषय संपला. आता वाटतं, सई परांजप्यांना इतकं सोपं म्हणायचं नसावं. बाशू चाळीतल्या प्रत्येकाकडे लक्ष देतो. म्हाताऱ्यांची विचारपूस करतो, पोरांशी खेळतो, बायकांच्या हातच्या पदार्थांना नावाजतो. तो हे सगळं स्वार्थासाठी करतो, पण लोकांना त्या लक्षाची भूक असते, ती खरी. आणि राजाराम? त्याचं चाळीतल्याच संध्यावर प्रेम आहे, ते तो मनात ठेवून झुरतो. तिला कळावं कसं? चांगुलपणाने तोंड उघडायचं नाही असं ठरवलं की बोलण्याचं काम बाशूकडे जातं.

आमच्या ओळखीतले निम्मे चांगले पुरुष राजाराम आहेत. त्यांना माझं एकच सांगणं असतं: बाबा, बोल की.

९. आपल्या गल्लीचं नाव मोठ्याने घ्यावं

भाचा एकदा गाडीत एम. सी. स्टॅन लावून बसला. मी म्हटलं, “हे काय गाणं आहे?” तो म्हणाला, “मावशी, हे आपल्या पुण्याचं आहे.” आपलं पुणं! मी आणि माझ्या पेठेने ज्याला आपलं पुणं म्हटलं त्यात स्टेशनाजवळचा ताडीवाला रोड आम्ही कधी धरलाच नव्हता. तिथून कुणाला आणायला किंवा सोडायला जायचं, एवढंच. त्या वस्तीतला मुलगा रॅप करतो, आपल्या वस्तीचं नाव गाण्यात घेतो, २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकतो आणि देशभरची पोरं ते नाव पाठ करतात.

त्याच्या गळ्यातल्या साखळ्या आणि बुटांच्या किमती मला कळत नाहीत, शिव्या तर नकोच. पण भाच्याने शब्द समजावून सांगितले तेव्हा एक गोष्ट पटली. मोठं होण्यासाठी त्याने आपला पत्ता बदलून सांगितला नाही. आमच्या पिढीतली कितीतरी मुलं पहिल्या मुलाखतीत राहण्याचं ठिकाण विचारलं की ‘डेक्कनजवळ’ म्हणायची. डेक्कन चार किलोमीटरवर असायचं.

देहूच्या वाण्याने, तुकोबांनी, आपल्या गावच्या बोलीत अभंग लिहिले तेव्हा त्या काळच्या जाणकारांनीही नाकं मुरडलीच होती. ही तुलना मी भाच्यापुढे केली नाही, नाहीतर तो गाडीतून उतरला असता.

१०. ‘आमच्या वेळी’ हे वाक्य पूर्ण करू नये

आमच्या वेळी सवाई रमणबागेत रात्रभर चालायचं. शाली, सतरंज्या, थर्मासमधला चहा, पहाटेची थंडी, ललत किंवा तोडी ऐकून उजाडताना घरी. मग ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहाची मर्यादा आली, एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी. पुढे जागाही बदलली आणि महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. आमच्या वयाचे लोक याबद्दल जे सुस्कारे टाकतात त्यांचा आवाजही डेसिबलमध्ये मोजायला हवा.

पण रात्र गेली तशी दुपार आली, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. कार्यक्रम दुपारी सुरू व्हायला लागला आणि मुलतानी, भीमपलास, पटदीप, मधुवंती हे दिवसाचे राग मैफलीत बसायला लागले. रात्रभराच्या काळात रात्री नऊला सुरू झालेल्या मंडपात भीमपलासाला जागाच नव्हती. रेडिओवर किंवा कॅसेटवर भेटायचा तेवढाच. उन्हं कलताना, बाजूला कुणीतरी वडापाव खात असताना समोर मुलतानीतला कोमल ऋषभ लागतो, हे सुख आमच्या वेळी नव्हतं.

डॉ. प्रभा अत्र्यांनी विज्ञानाची पदवी घेतली, कायद्याची घेतली, सरगमवर डॉक्टरेट केली आणि नव्वदीपर्यंत गात राहिल्या. भीमसेनांच्या नंतर महोत्सवाची सांगता त्यांच्या गाण्याने व्हायची. त्या वयात समोर आलेल्या नव्या श्रोत्यांसाठी गाणारी बाई पाहिली की सुस्कारे टाकायची लाज वाटते.

११. समोरच्याला विचारावं, “सध्या काय ऐकतोस?”

आमच्या वाड्यात एक काका होते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पाळीवर जायचे. दिसायला साधे, बोलायला त्याहून साधे. त्यांच्याकडे वह्या होत्या. रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ लागायची, तिच्यातल्या गाण्यांचे क्रम दर बुधवारी ते लिहून ठेवायचे: गाणं, सिनेमा, संगीतकार, गीतकार, गायक. वाड्यातल्या कुणाला कॅसेट भरून घ्यायची असली की तो यादी घेऊन काकांकडे जायचा, कारण दुकानदाराला सिनेमाचं नाव अचूक लागायचं. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर आपली बारा-तेरा गाणी भरून मिळायची.

मी दहावीत असताना माझी यादी बप्पी लाहिरींनी भरलेली होती. काकांच्या कपाटात तलत मेहमूद आणि मदनमोहन. त्यांनी यादी वाचली, एका गाण्याच्या सिनेमाचं नाव दुरुस्त केलं आणि विचारलं, “यात तुला सगळ्यात काय आवडतं? ठेका की चाल?” मला तोवर कुणी असं विचारलं नव्हतं. मी ठेका म्हणाले. काका म्हणाले, “मग एक जागा रिकामी ठेव,” आणि यादीच्या तळाशी त्यांनी ओ. पी. नय्यरचं एक गाणं लिहिलं. त्यातला घोड्याच्या टापांचा ठेका ऐकून मी नय्यरकडे गेले, नय्यरकडून आशा भोसल्यांच्या जुन्या गाण्यांकडे, तिथून नाट्यगीतांकडे आणि आत्याच्या लूनावरून थेट रमणबागेत.

भीमसेन, नायर, शकुंतलाबाई ही मोठी माणसं. त्यांच्यासारखं होणं बहुतेकांना जमायचं नाही. काकांसारखं होणं मात्र कुणालाही जमेल, म्हणून ते शेवटी घेतले. भारी माणसाची माझी परीक्षा तिथूनच आली: त्याच्यापाशी तासभर बसून निघालात आणि घरी जाऊन काहीतरी नवीन ऐकावं, पाहावं, वाचावंसं वाटलं, तर तो भारी. आपल्याला काहीच कळत नाही असं वाटत निघालात, तर तो फक्त हुशार.

करून पाहायचं असेल तर कृती सोपी आहे. घरातल्या सर्वांत लहान माणसाला विचारायचं, सध्या काय ऐकतोस. मग त्याचं उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, दुरुस्ती करायची नाही आणि मूळ गाणं यापेक्षा चांगलं होतं हेही सांगायचं नाही. पुणेकराला यापेक्षा कठीण रियाज अजून कुणी दिलेला नाही.